तोफा आणि घंटा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या पुतण्याने चांगले दणदणीत स्पीकर घरी आणले आणि त्यांची ताकद अजमावून पाहण्यासाठी एक पाश्चात्त्य संगीतरचना लावली. रचना रशियन संगीतकार प्योत्र इल्यिच चायकोव्हस्की याची. तिचे नाव म्हणजे एक सनच: '१८१२'. पंधरा-सोळा मिनिटांच्या या वाद्यसंगीताच्या शेवटी प्रत्यक्ष तोफा डागल्या जातात आणि त्याच वेळी चर्चच्या घंटा घणघणू लागतात. आमच्या भिंतीवरची येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर थरथरली, ताटाळ्यातली भांडी वाजली. आतल्या खोलीत जपमाळ घेऊन बसलेली माझी वृद्ध मावशी दारात येऊन उभी राहिली.

"देवळाची घंटा वाजतेय का रे? सणाची की मयताची?"

पुतण्या हसला. "मावशीआजी, ही लढाई जिंकल्याची घंटा आहे. रशियाने नेपोलियनला हरवले, त्याची."

"असं होय," ती म्हणाली, आणि आत वळता वळता थांबून तिने विचारले, "मग मेलेल्यांची कधी वाजली?"

आपल्या गावांत वाढलेल्या माणसाला हा प्रश्न चमत्कारिक वाटणार नाही. सणाचा घंटानाद, सायंप्रार्थनेची घंटा आणि मयताचे एकेक संथ टोले यांतला फरक आपल्या पोरांनाही शेतात काम करताना ऐकून कळतो, आणि मयताचा टोला ऐकताच हातातले काम थांबवून माणूस क्रुसाची खूण करतो. मावशीने संगीताविषयी काही विचारले नव्हते. घंटा कशासाठी वाजते आहे, एवढेच तिला जाणून घ्यायचे होते. तिच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला त्या दिवशी देता आले नाही. त्यानंतर मी या रचनेचा इतिहास जमेल तसा वाचत गेलो, आणि हळूहळू ध्यानात आले की विजयासाठी देवाचे आभार मानावेत काय, मानावेत तर कोणत्या स्वरात, हा ख्रिस्ती माणसाला शतकानुशतके सतावणारा प्रश्नच त्या पंधरा मिनिटांत दडलेला आहे.

ही रचना मागणीवरून लिहिली गेली. १८८० साली संगीतकार निकोलाय रुबिन्स्टाइन याने आपल्या या मित्राला एखादी समारंभी रचना करण्यास सुचवले. निमित्ते तीन होती. मॉस्कोत भरणारे औद्योगिक व कलाप्रदर्शन हे एक; झार दुसरा अलेक्झांडर याच्या राज्याभिषेकाला पुरी होणारी २५ वर्षे हे दुसरे; आणि १८१२ च्या विजयाप्रीत्यर्थ मॉस्कोत उभारल्या जात असलेल्या ख्रिस्त तारणहाराच्या महामंदिराचे अभ्यंगन हे तिसरे. यांपैकी कशानेही चायकोव्हस्कीचे मन उचंबळले नाही. आपला प्रकाशक युर्गेनसन याला त्याने कळवले की, ज्या थोर व्यक्तीचा हा उत्सव ती आपल्याला कधीच प्रिय नव्हती आणि ते महामंदिरही आपल्याला मुळीच आवडत नाही, तेव्हा प्रतिभा पेटावी असे यात काही नाही. तरीही त्याने ती रचना पाच-सहा आठवड्यांत हातावेगळी केली. आपली आश्रयदात्री नादेज्दा फॉन मेक हिला त्याने प्रांजळपणे लिहिले की हे संगीत फार मोठ्या आवाजाचे व गडगडाटाचे होणार, पण आपण ते जिव्हाळ्याविना लिहिले असल्याने कलेच्या दृष्टीने त्यात काही गुण असण्याचा संभव नाही. त्याच दिवसांत तो तंतुवाद्यांसाठी एक 'सेरेनेड' रचत होता. ती मात्र आपल्या अंतःकरणातून आली, असे तो त्याच पत्रात सांगतो.

पुढे काय घडले? मार्च १८८१ मध्ये झारची बाँब टाकून हत्या झाली. त्याच महिन्यात रुबिन्स्टाइन पॅरिसमध्ये मरण पावला. प्रदर्शन एक वर्ष पुढे गेले आणि २० ऑगस्ट १८८२ रोजी त्या प्रदर्शनात ही रचना प्रथम वाजवली गेली. महामंदिराचे अभ्यंगन व्हायला आणखी नऊ महिने होते. जी रचना कर्त्याला नकोशी होती तीच त्याच्या नावावर जगभर सर्वाधिक वाजणाऱ्या रचनांपैकी एक ठरली. १८८८ मध्ये बर्लिन आणि प्राग येथे त्याने स्वतःच तिचे संचालन केले. टाळ्यांपुढे कलावंताचे काही चालत नाही!

पण आवाज बाजूला ठेवून रचनेची सुरुवात ऐकावी. दोन व्हायोला आणि चार चेलो, एवढीच सहा वाद्ये, अगदी हळू स्वरात एक प्रार्थना गातात. ही चायकोव्हस्कीची चाल नव्हे. पवित्र क्रुसाच्या सन्मानार्थ ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेत गायिले जाणारे ते प्राचीन स्तोत्र आहे. आपल्या प्रजेचे रक्षण कर, आपल्या वतनाला आशीर्वाद दे, राजाला शत्रूंवर विजय दे आणि तुझ्या क्रुसाच्या बळाने आम्हांला सांभाळ, असा त्याचा आशय. त्यानंतर दुरून घोडदळाची चाहूल लागते. फ्रेंचांचे 'मार्सेयेज' हे गीत पितळी वाद्यांतून चढत येते. रशियन खेड्यातले नाचाचे एक लोकगीत त्याला सामोरे जाते. झुंज होते, पाच तोफा डागल्या जातात, आणि तंतुवाद्यांचे स्वर एखाद्या सैन्याचे पाय मोडावेत तसे बराच वेळ खाली कोसळत राहतात. मग तीच आरंभीची प्रार्थना परत येते. आता मात्र ती याचना उरलेली नसते. सारी सुषिर वाद्ये ती गर्जत असतात, घंटा घणघणत असतात. शेवटी झारच्या स्तुतीचे गीत आणि आणखी अकरा तोफा.

ज्यांनी इतिहास वाचला आहे त्यांना येथे एक गंमत दिसेल. नेपोलियनच्या साम्राज्यात 'मार्सेयेज' हे राष्ट्रगीत नव्हतेच. तो मान त्याला पुन्हा मिळाला १८७९ मध्ये, म्हणजे ही रचना होण्याच्या अवघे एक वर्ष आधी. झारचे गीत रचले गेले १८३३ साली. याचा अर्थ लढाईत एकमेकांवर तुटून पडणारी ही दोन्ही गीते १८१२ च्या रणांगणावर नव्हतीच. त्या वर्षी लोकांच्या ओठांवर खरोखर होती ती एकच गोष्ट, आरंभीची प्रार्थना.

आणि ती त्यांना फार गरजेची होती. २४ जून १८१२ रोजी नेपोलियनच्या सैन्याने नेमान नदी ओलांडली. नंतरच्या कुमका धरून हे सैन्य सुमारे सहा लाखांचे होते, असे मानतात. त्यात फ्रेंच निम्मेही नव्हते. बव्हेरियाचे लोक होते, इटालियन होते, पोर्तुगिजांचे एक पथक होते आणि जवळजवळ एक लाख पोल होते. बहुतेक सारे आपल्यासारखेच कॅथलिक, लहानपणी स्नानसंस्कार झालेले, गळ्यात मरियामातेचे पदक घातलेले. पोलंडचे तुकडे करून ते गिळणाऱ्यांत रशिया अग्रभागी होता. त्यामुळे पोलिश मातांनी त्या वर्षी रशियाच्या पराभवासाठीच देवाला साकडे घातले असेल, आणि त्यांना दोष देणे मला तरी जमणार नाही.

७ सप्टेंबर रोजी मॉस्कोच्या अलीकडे सुमारे १२० किलोमीटरवर बोरोदिनो या गावी दोन्ही सैन्ये भिडली. आदल्या दिवशी रशियन सैनिकांच्या रांगांतून स्मोलेन्स्कच्या मरियामातेची प्रतिमा मिरवत नेण्यात आली. सेनापती कुतुझोव तिच्यापुढे गुडघे टेकून नतमस्तक झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोन्हीकडचे मिळून सुमारे ७०,००० लोक ठार वा जखमी झाले होते. रात्री रशियन सैन्य मागे सरले. आठवडाभरात नेपोलियन मॉस्कोत शिरला आणि शहराने पेट घेतला. शहराच्या गव्हर्नराने आग विझवण्याचे बंब आधीच हलवले होते. रणांगणावरून आणलेले हजारो जखमी रशियन सैनिक मॉस्कोतच मागे राहिले होते. त्यांतले कितीतरी आपल्याच जुन्या राजधानीच्या आगीत जळून मेले. या प्रसंगाला त्या संगीतात एकही स्वर नाही.

आता खरी विचार करायला लावणारी गोष्ट सांगतो. बोरोदिनोची लढाई कोणी जिंकली? कुतुझोवने झारला असा अहवाल पाठवला की राजधानी सेंट पीटर्सबर्गमध्ये विजयाची उपकारस्तुती गायिली गेली आणि त्याला फील्ड मार्शलचा हुद्दा मिळाला. इकडे नेपोलियनने रणांगणाजवळूनच फ्रान्सच्या बिशपांना पत्र धाडले की या विजयाबद्दल चर्चमध्ये 'ते देऊम' हे स्तुतिस्तोत्र गाण्यात यावे. ते गायिले गेले. एकच लढाई, एकच दिवस, तेच ७०,००० देह, आणि दोन टोकांच्या दोन चर्चांमधून एकाच देवाकडे आभाराचे धूप चढत होते! त्यात आणखी एक विसंगती अशी की, ज्या सम्राटाच्या हुकमाने कॅथलिक बिशपांनी हे स्तोत्र म्हटले, त्याच सम्राटाने त्या वेळी पोप सातवे पायस यांना फाँतेनब्लो येथे कैदेत ठेवले होते.

देवाने कोणाचे आभार स्वीकारले असतील?

हा प्रश्न विचारून दोन्ही पक्षांना सारखेच ठरवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. रशिया त्या वर्षी कोणावर चालून गेला नव्हता. त्याच्यावर चालून आले होते. ज्याच्या घरावर दरोडा पडला आणि जो त्यातून वाचला त्याने गुडघे टेकून देवाचे आभार मानले, तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार सुरक्षित घरात बसलेल्यांना नाही. इस्राएल लोक तांबड्या समुद्रातून पार झाले तेव्हा मिर्यामने डफ घेऊन गीत गायिले, हे आपण पवित्र शास्त्रात वाचतो. सुटकेच्या आनंदाला गीत फुटतेच. परंतु त्याच प्रसंगावर यहुदी गुरूंनी तालमूदमध्ये एक कथा सांगितली आहे. इजिप्तचे सैन्य बुडत असताना देवदूत स्तुतिगीत म्हणायला निघाले, तेव्हा देवाने त्यांना थांबवले. माझ्या हातांनी घडवलेली माणसे बुडत आहेत आणि तुम्ही गाता, असे त्याने त्यांना सुनावले. लक्षात घ्यावे, देवाने मिर्यामला थांबवलेले नाही. जी मरता मरता वाचली तिने गावे; ज्यांना कसलाही धोका नव्हता त्यांनी गप्प राहावे. ही सूक्ष्म रेषा त्या गुरूंना फार लवकर दिसली होती. वल्हांडणाच्या भोजनात इजिप्तवरील एकेका पीडेचा उच्चार होताना यहुदी कुटुंबे आजही पेल्यातून द्राक्षारसाचा एकेक थेंब काढून टाकतात. शत्रूच्या दुःखाएवढा आपला आनंदाचा पेला उणा, असा त्याचा अर्थ सांगतात.

संत ऑगस्टीन यांनीही हेच निराळ्या रीतीने सांगितले आहे. युद्ध न्याय्य असू शकते, हे त्यांना मान्य होते. आपली न्याय्य युद्धाची कल्पना बरीचशी त्यांच्याकडूनच आली आहे. तथापि, 'देवाचे नगर' या ग्रंथात ते लिहितात की न्याय्य युद्ध करावे लागले याचेही शहाण्या माणसाला दुःखच व्हायला हवे, आणि ज्याला ते होत नाही तो अधिकच अभागी, कारण त्याच्यातली माणुसकीची जाणीवच नाहीशी झालेली असते. म्हणजे युद्ध जिंकल्यानंतर मनाची परीक्षा संपत नाही. ती तेव्हा सुरू होते.

रशिया त्या परीक्षेत कितपत उतरला? आरंभ तरी विनम्र होता. १८१२ च्या युद्धाचे जे पदक सैनिकांना दिले गेले त्यावर झारची मुद्रा नव्हती. परमेश्वराचा नेत्र होता, आणि गौरव आमचा नसून तुझ्या नामाचा, या अर्थाचे स्तोत्रसंहितेतील वचन होते. २५ डिसेंबर १८१२ रोजी पहिल्या अलेक्झांडरने ख्रिस्त तारणहाराच्या नावाने मंदिर बांधण्याची घोषणा केली, तीही कृतज्ञता म्हणूनच. पण दिवस पाहा. पुढे १९१७ पर्यंत रशियात नाताळच्या दिवशीच त्या विजयाची उपकारस्तुती होत असे. ज्या रात्री देवदूतांनी मेंढपाळांना शांतीची वार्ता दिली, त्याच दिवशी परचक्राचा मोड झाल्याचे आभार. दोन्ही एकाच श्वासात म्हणताना एखाद्या साध्या धर्मगुरूची जीभ क्षणभर तरी अडखळत नसेल काय?

त्या मंदिराला जसजशी वर्षे लागत गेली तसतसा कृतज्ञतेचा दगड होत गेला. पहिला आराखडा रद्द झाला, १८३९ मध्ये दुसऱ्या जागी कोनशिला बसली आणि १८८३ मध्ये तिसऱ्या अलेक्झांडरच्या राज्याभिषेकाच्या दिवसांत अभ्यंगन झाले. आतल्या भिंतींवर लढायांच्या संगमरवरी पाट्या होत्या. त्यांवर मेलेल्या आणि जखमी झालेल्या अधिकाऱ्यांची नावे होती. साध्या शिपायांची मात्र नावे नव्हती, फक्त आकडा होता. देवाच्या घरात, ज्याने प्रत्येकाला नावाने हाक मारली आहे त्याच्या घरात, शेतकऱ्यांच्या मुलांचा आकडा! माझ्या मते चायकोव्हस्कीला ते मंदिर का आवडले नाही याचा शोध स्थापत्यशास्त्रात घेण्याची गरज नाही. पण हा माझा तर्क झाला.

हे सारे रशियन लोकांविषयी लिहिताना लेखणी भराभर चालते. म्हणून थांबून आपल्याही घरात डोकावलेले बरे. ७ ऑक्टोबर १५७१ रोजी लेपांतोच्या समुद्रात ख्रिस्ती आरमाराने तुर्कांच्या आरमाराचा पराभव केला आणि पोप पाचवे पायस यांनी विजयमातेचा सण सुरू केला. दोनच वर्षांत, १५७३ मध्ये, तेरावे ग्रेगरी यांनी त्याला जपमाळेचा सण हे नाव दिले, आणि आज आपण ७ ऑक्टोबरला जपमाळेच्या राणीचा सण करतो. आमच्या मावशीला लेपांतो ठाऊक नाही. विजय मागे पडला, माळ राहिली. ख्रिस्तसभेने हे हेतुपुरस्सर केले की काळाने आपोआप घडवले, हे इतिहासकारांनी ठरवावे. मला मात्र ते चांगले झाले असे वाटते.

घंटांच्या बाबतीत तर आम्हा वसईकरांना दूर जाण्याचेही कारण नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा येथील चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून नेण्यात आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा ही त्यांतलीच. जिंकणाऱ्यांनी ती देवाला वाहिली. ती ज्यांच्या मयताला वाजत असे त्यांनी काय मानले असेल, ते सांगायला नको. आणि त्याआधी पोर्तुगिजांनी हा मुलूख घेतला तेव्हा त्यांनीही 'ते देऊम' म्हटलेच असणार. खुद्द रशियात पीटर द ग्रेटने १७०० साली स्वीडनकडून नार्वा येथे हार खाल्ल्यावर चर्चच्या घंटा उतरवून तोफा ओतवल्या होत्या. तांबे आणि कथील हेच दोहोंचे धातू, त्यामुळे घंटेची तोफ व्हायला भट्टी तेवढी लागते. चायकोव्हस्कीने दोन्ही एकत्र वाजवल्या, यात म्हणूनच मला कधी कधी नकळत बोललेले सत्य ऐकू येते.

रचनेचे पुढचे नशीबही मजेशीर आहे. झारशाही गेल्यानंतर सोव्हिएत राजवटीत झारचे गीत त्यातून काढून त्या जागी ग्लिंका या संगीतकाराच्या ऑपेरातले समूहगीत घालण्यात आले. आरंभीची प्रार्थना मात्र राहिली. वाद्यांना शब्द नसतात, त्यामुळे नास्तिक राज्यातही सहा तंतुवाद्ये देवाला हाक मारीत राहिली आणि कोणी त्यांना अडवले नाही. ५ डिसेंबर १९३१ रोजी ते महामंदिर सुरुंग लावून पाडण्यात आले. त्या जागी १९६० मध्ये पोहण्याचा भलामोठा तलाव झाला, आणि मंदिर पुन्हा बांधून १९ ऑगस्ट २००० रोजी त्याचे अभ्यंगन झाले. अमेरिकेत १९५४ साली या रचनेची एक ध्वनिमुद्रिका निघाली, तिच्यासाठी लष्करी विद्यालयातील एक जुनी तोफ डागण्यात आली. ती होती फ्रान्समध्ये ओतलेली! १९७४ पासून बॉस्टन शहरात अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी आतषबाजीसह ही रचना वाजू लागली. रशियन झारच्या विजयाचे संगीत अमेरिकन जनता आइसक्रीम खात ऐकते. १९७९ च्या एका ध्वनिमुद्रिकेवर तर तोफांच्या आवाजाने तुमचे स्पीकर फुटतील, असा इशाराच छापला होता. प्रार्थनेचे शेवटी यंत्राच्या ताकदीची चाचणी घेण्याचे साधन झाले. आमच्या घरी झाले तेही तेच.

मग फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाच्या सैन्याने युक्रेनवर चढाई केली आणि मार्चमध्ये वेल्समधील कार्डिफच्या वाद्यवृंदाने आपल्या कार्यक्रमातून '१८१२' वगळले. त्यावर बरीच टीका झाली. मेलेल्या संगीतकाराला शिक्षा कशाला, असे पुष्कळांनी विचारले, आणि मलाही ते काहीसे पटते. परंतु त्याहून मोठी घटना मॉस्कोतच घडली. तेथील पेट्रियार्कांनी त्याच वर्षी सर्व चर्चमध्ये म्हणण्यासाठी एक प्रार्थना नेमून दिली. तिच्यात विजयाची मागणी होती. मॉस्कोतल्या एका पॅरिशच्या धर्मगुरूने ती म्हणताना 'विजय' या शब्दाच्या जागी 'शांती' हा शब्द घातला. कोणीतरी तक्रार केली. मे २०२३ मध्ये त्यांना धर्मगुरुपदावरून दूर करण्यात आले. पुढे कॉन्स्टँटिनोपलच्या पेट्रियार्कांनी त्यांना त्यांचे पद परत दिले. बाकीची प्रार्थना त्यांनी जशीच्या तशी म्हटली होती. बदलला होता एक शब्द.

हे वाचल्यापासून ती सहा तंतुवाद्ये मला पहिल्यासारखी ऐकू येत नाहीत. क्रुसाच्या त्या स्तोत्रातही शत्रूंवर विजय मागितलेलाच आहे, आणि आपण सारेच तो मागतो. न्यायालयात मागतो, निवडणुकीत मागतो, बांधावरच्या भांडणात मागतो. संकटातल्या माणसाने मागू नये, असे मी म्हणणार नाही. पण क्रुसाच्या नावाने विजय मागताना त्या क्रुसावर कोण हरले होते, याचा आपल्याला विसर पडतो.

मावशीच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला शेवटी एक स्त्री भेटली. मार्गारिता तुचकोवा हे तिचे नाव. तिचा पती जनरल अलेक्झांडर तुचकोव बोरोदिनोच्या लढाईत पडला. त्या वेळी ती एकतीस वर्षांची होती, पदरी लहान मुलगा. त्याच शरद ऋतूत एका मठवासी संन्याशाला बरोबर घेऊन ती रणांगणावर गेली आणि अंधार पडेपर्यंत पतीचा देह शोधत राहिली. तो सापडला नाही. त्या मैदानावर नंतर अर्ध्या लाखाहून अधिक मृतदेहांची विल्हेवाट लावावी लागली. कित्येक जाळण्यात आले, घोड्यांसुद्धा. त्यांतला रशियन कोण, फ्रेंच कोण, पोल कोण, हे पाहायला कोणाला उसंत होती? तिने आपले दागिने विकले, झारने काही मदत केली, आणि पती जेथे पडला असे सांगत त्या जागी तिने एक लहानसे चर्च बांधले. १८२० मध्ये त्याचे अभ्यंगन झाले, म्हणजे मॉस्कोचे ते प्रचंड मंदिर उभे राहण्याच्या साठेक वर्षे आधी. १८२६ मध्ये तिचा मुलगाही वारला. मग ती त्या चर्चजवळच एका झोपडीवजा घरात राहायला आली. हळूहळू तिच्याभोवती विधवा आणि निराधार स्त्रिया जमल्या, त्यांचा मठ झाला, ती त्याची प्रमुख झाली आणि १८५२ मध्ये तेथेच तिने देह ठेवला. १८३९ साली त्या मैदानावर सम्राटाने मोठ्या लष्करी संचलनासह विजयस्तंभ उभारला. मठातल्या बहिणींचे काम त्याआधी चालू होते आणि त्यानंतरही चालू राहिले: तेथे मेलेल्यांसाठी प्रार्थना करणे. सोव्हिएत काळात तो मठ बंद पडला होता. आता तेथे पुन्हा धर्मभगिनी राहतात.

हे सारे मी मावशीला सांगितले. तिने तुचकोवाच्या मुलाचे वय तेवढे विचारले. पंधरा, मी म्हणालो.

पुतण्याने परवा पुन्हा ती रचना लावली. तोफांची वेळ जवळ आली तसा त्याने आपण होऊन आवाज कमी केला. आतून मावशीने हाक मारली, "राहू दे रे. घंटा वाजू दे, माझी माळ अजून संपायची आहे."